काय खाली ठेवायचं?

भाषांतराच्या कामाला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते. रक्तदात्यांसाठी एक पत्रक होतं, त्यात ‘रक्त दिल्यावर दहा मिनिटं पडून राहा’ असं वाक्य. मी बिनधास्त लिहिलं, ‘ले डाउन फॉर टेन मिनिट्स’. कागद परत आला तेव्हा ‘ले’भोवती लाल गोल आणि शेजारी अस्सल मराठीत प्रश्न: काय खाली ठेवायचं?

तिथे ‘लाय’ हवं होतं. स्वतः आडवं व्हायचं तर ‘लाय’, दुसरं काही आडवं करायचं किंवा ठेवायचं तर ‘ले’. हे पाठ केलं, विसरले, पुन्हा पाठ केलं. मग एकदा भांडी घासताना लक्षात आलं की हे तर आपलं पडणे-पाडणे! फळ पडतं, आपण फळ पाडतो. मरणे-मारणे, बसणे-बसवणे तसंच. इंग्रजीतही अशा जोड्या आहेत: ‘राइज’ म्हणजे उठणे, ‘रेज’ म्हणजे उठवणे, ‘सिट’ बसणे, ‘सेट’ बसवणे. संस्कृतचा ‘सद्’ (बसणे) धातू आणि हे ‘सिट’ मुळात एकाच घराण्यातले, त्यामुळे हे साम्य निव्वळ योगायोगाचं नाही. माझी सगळ्यात लाडकी जोडी मात्र ‘ड्रिंक’ आणि ‘ड्रेंच’. ड्रेंच म्हणजे चिंब भिजवणे एवढंच मला माहीत होतं. मूळ अर्थ निघाला पाजणे! जनावराला तोंडातून औषध पाजण्याला अजूनही ड्रेंच करणं म्हणतात.

आता खरी गोम. ‘लाय’चा भूतकाळ होतो ‘ले’. म्हणजे ‘काल दुपारी मी जरा पडले’ याला ‘आय ले डाउन’ हेच बरोबर. नियम नुकता पाठ केलेल्या माणसाचा इथे हमखास घात होतो. ‘फॉल’चंही तेच: त्याचा भूतकाळ ‘फेल’, आणि झाड पाडणे यालाही ‘फेल’च. शिवाय खोटं बोलण्याचं ‘लाय’ वेगळं, त्याचा भूतकाळ ‘लाइड’. ‘दुपारी मी लाइड’ असं मी एका ईमेलमध्ये लिहून बसले आहे. विश्रांतीचं सांगायचं होतं, कबुलीजबाब गेला.

बाकीच्या गोंधळांना इतकी खोली नाही. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ चुकतात, कारण आपलं ‘उसनं’ दोन्हीकडे सारखंच, फक्त देणं-घेणं बदलतं. इंग्रजीत ते देणं-घेणं क्रियापदाच्या पोटातच असतं. ‘से’ आणि ‘टेल’मध्ये घोळ होतो तो ‘तो मला म्हणाला’मुळे. ‘ही सेड मी’ चालत नाही, मध्ये ‘टू’ लागतो. ‘टेल’ला तो नको, ‘ही टोल्ड मी’. थोडक्यात, ‘टेल’ म्हणजे आपलं सांगणे, कुणाला ते बहुतेक वेळा आलंच पाहिजे.

हल्ली अडले की मनात एकच प्रश्न विचारते: पडणे की पाडणे? बहुतेक वेळा निभावतं. सूर्य मात्र दाद देत नाही. सकाळी तो शहाण्यासारखा ‘राइज’ होतो, स्वतःचा स्वतः उगवतो. संध्याकाळी मात्र ‘सिट’ न होता ‘सेट’ होतो. कुणाला बसवतो कोण जाणे.