सोलंट ते सँ-व्हा: क्लबाच्या रॅलीची आखणी कुठवर आली

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या सोलंट या सामुद्रधुनीतून आमचा शिडाच्या बोटींचा क्लब फ्रान्सला रॅली नेणार आहे. मागच्या बैठकीपर्यंत तीन बंदरं स्पर्धेत होती. आता ठरलं: नॉर्मंडीतलं सँ-व्हा-ला-ऊग, जाता-येता शेरबूरमार्गे, येत्या जूनमध्ये. ओंफ्लर सुंदर, पण आठवड्याच्या सुट्टीत बसवायला लांब. सँ-मालोला मोठ्या उधाणात पाणी बारा मीटरच्या आसपास चढतं-उतरतं आणि आमच्या ताफ्यातले निम्मे लोक पहिल्यांदाच इंग्लिश चॅनल ओलांडणार आहेत. त्यांना एकदम त्या परीक्षेला बसवायला मन होईना.

ताफा कसा आहे ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर बेतलंय. चाळीस फुटी बोटी दोन, तिशीतल्या बऱ्याच आणि एक चोवीस फुटी. ही चोवीस फुटी चांगल्या वाऱ्यातही साडेचार नॉटच्या (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वर फारशी जात नाही. चाळीस फुटीवाल्यांचं म्हणणं, वेळापत्रक पाच नॉटवर धरा. मी ते मान्य केलं नाही. मोठी बोट लवकर पोचली तर तिचे लोक चहा पीत बसतील. छोटी बोट उशिरा पोचली तर तिला अंधारात अनोळखी बंदरात शिरावं लागेल. म्हणून पोचायच्या वेळा चोवीस फुटीच्या.

तारखा निवडताना क्लबातल्या सगळ्यांनी भरतीची पुस्तकं उघडली. मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय उघडलं. कोकणातल्या कुठल्याही तांडेलाला माहीत असतं की अष्टमीच्या पुढे भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं ते दिवस, आणि पुनवेच्या-अवसेच्या पुढे उधाण, म्हणजे ते सगळ्यात जास्त चढतं-उतरतं ते. चॅनललाही तोच चंद्र. अष्टमी उलटली की एक-दोन दिवसांत निघायचं आणि पुढच्या उधाणाला परतायचं, असा आठवडा मी काढला. पुस्तकं चाळणाऱ्यांचाही तोच निघाला.

कारण असं. इथे भांगाच्या दिवसांत सोलंटमधली ओहोटी पहाटे सहाच्या सुमारास पश्चिमेकडे वाहू लागते. वाइट बेटावरच्या यार्मथहून तेव्हा निघालं की हर्स्टच्या अरुंद तोंडातून आणि नीडल्सच्या सुळक्यांपासून पाणीच बाहेर काढतं. उधाणाला हर्स्टमध्ये चार नॉटच्या वर धार असते. भांगाला ती बरीच शांत. शेरबूर नीडल्सपासून साधारण साठ सागरी मैल. पाच नॉटने बारा तास, आमच्या चोवीस फुटीला तेरा-साडेतेरा. जूनमध्ये उजेड फ्रेंच घड्याळाने रात्री दहापर्यंत असतो, त्यामुळे तीही उजेडात आत.

सँ-व्हाला मात्र उलटं हवं. तिथली मरीना, म्हणजे बोटी बांधायची जागा, पाणी अडवून धरणाऱ्या दरवाज्याच्या आत आहे. दरवाजा भरतीच्या साधारण सव्वादोन तास आधी उघडतो आणि नंतर तीनेक तासांनी बंद होतो. भांगाला हवेचा दाब जास्त असेल तर त्याही आधी. उधाणाच्या दिवसांत तिथली भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे दरवाजा सकाळी दहाच्या सुमारास उघडून दुपारी तीनपर्यंत उघडा. भांगाला तीच वेळ भल्या पहाटे किंवा संध्याकाळी. म्हणून चॅनल भांगाला ओलांडायचा, दोन-तीन दिवस शेरबूरमध्ये काढायचे आणि पाणी वाढत गेलं की सँ-व्हा. फ्रेंच लोक भरतीला गुणांक देतात, २० ते १२० असा: सरासरी भांग ४५, सरासरी उधाण ९५. आम्ही निघू तेव्हा तो पन्नाशीच्या आत असेल, परतताना नव्वदीच्या पुढे. एकाच आकड्यात दिवसाचा स्वभाव कळतो, ही पद्धत मला फार आवडते.

ओलांडण्याच्या सरावासाठी नकाशावर एक पूर्ण संध्याकाळ घालवली. नव्या मंडळींची सवय अशी की चार्टप्लॉटरवर, म्हणजे बोटीवरच्या इलेक्ट्रॉनिक नकाशावर, नीडल्स ते शेरबूर सरळ रेघ काढायची आणि दिवसभर तिला चिकटून राहायचं. बारा तासांत चॅनलचं पाणी ढोबळमानाने सहा तास पश्चिमेला आणि सहा तास पूर्वेला जातं. दोन्ही बेरजा-वजाबाक्या आधीच करून सुकाणू एकाच दिशेला धरलं, तर बोट आधी रेघेच्या पश्चिमेला वाहवते आणि नंतर आपसूक परत येते. रेघ सोडायची नाही असा हट्ट धरला तर तेवढंच अंतर कापायला जास्त पाणी तोडावं लागतं. शेवटच्या तासांत प्रवाह पूर्वेकडे असेल, म्हणून नेम शेरबूरच्या तोंडाच्या दोन-तीन मैल पश्चिमेला धरायचा. पूर्वेला घसरलं की साडेचार नॉटच्या बोटीला परत चढणं महाग पडतं.

मोठ्या जहाजांचं थोडं. आमच्या वाटेवर जहाजांच्या आखलेल्या मार्गिका नाहीत, पण पश्चिमेला कास्केत्स खडकांजवळच्या मार्गिकांकडे जाणारी आणि तिथून येणारी जहाजं इथूनच जातात. आधी पश्चिमेला जाणारी रांग लागते, मग पूर्वेला जाणारी. पंधरा-वीस नॉटचं जहाज क्षितिजावर दिसल्यापासून अंगावर यायला फार वेळ घेत नाही. दर दोन तासांनी रेडिओच्या चॅनल ७२ वर हजेरी घ्यायची ठरलीय, पण टक्कर चुकवायचा निर्णय ज्याच्या-त्याच्या बोटीवर. रॅली म्हणजे पंगत नाही, सगळ्यांनी एकदम बसायची गरज नाही.

शेरबूरबद्दल मी एकटाच इतका उत्साही आहे. बहुतेकांना ते फक्त कुठल्याही पाण्यात शिरता येणारं सोयीचं बंदर वाटतं आणि शाँतरेन मरीनाला धुण्याची यंत्रं आहेत, एवढंच. पण समुद्रात उभी केलेली ती मधली भिंतच साडेतीन किलोमीटरहून लांब. १७८३ मध्ये काम सुरू झालं ते १८५३ पर्यंत चाललं. १० एप्रिल १९१२ च्या संध्याकाळी टायटॅनिक याच भिंतीच्या आत नांगरून होती. जुन्या आगबोटींच्या स्थानकात आता संग्रहालय आहे आणि शेजारी ‘ल रदुताब्ल’ ही निवृत्त अणुपाणबुडी आतून बघता येते. मुंबईकरांसाठी आणखी एक: माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांचं डिझाइन ज्या फ्रेंच नेव्हल ग्रुपचं, त्यांचा पाणबुड्यांचा कारखाना इथेच. एक पूर्ण दिवस मी त्यासाठी राखून ठेवलाय, कोणी आलं तर ठीक.

शेरबूर ते सँ-व्हा पंचवीसेक मैल, आणि खरी काळजी इथे. बारफ्लरच्या टोकापुढे पाणी उसळतं; वारा आणि प्रवाह समोरासमोर आले की तीन-चार मैलांपर्यंत छोट्या बोटीला नको होईल असं. पूर्वेकडचा प्रवाह सुरू होताना शेरबूर सोडलं तर नैर्ऋत्य वारा पाठीशी, पाणी पाठीशी आणि चार-पाच तासांत दरवाजा उघडा असतानाच पोच. ही जुळणी इतकी नेमकी आहे की बंदर बांधणाऱ्यांनी आमचीच वाट पाहिली असं वाटावं. परतताना दरवाजा बंद व्हायच्या जरा आधी बाहेर पडून पश्चिमेचा प्रवाह धरायचा. तेव्हा मात्र नैर्ऋत्य वारा नाकावर आणि उधाणाचं पाणी त्याच्या विरुद्ध. म्हणून नियम केलाय: वारा ब्यूफर्ट मापात चारच्या वर असेल तर टोकाला सात मैलांचा वळसा, नाहीतर एक दिवस थांबायचं.

टोकावरचं गातव्हीलचं दीपगृह ७५ मीटर उंच, ३६५ पायऱ्यांचं. आम्ही ते पाण्यावरूनच बघणार. सँ-व्हात मात्र पाय मोकळे करायला भरपूर आहे. १६९२ मध्ये तूर्व्हील या फ्रेंच दर्यासारंगाच्या आरमारातली बारा जहाजं इंग्रज-डच आरमाराने इथेच किनाऱ्यालगत जाळली. राज्य परत मिळवायला निघालेला इंग्लंडचा पदच्युत राजा दुसरा जेम्स ते किनाऱ्यावरून बघत होता. त्यानंतर दोन वर्षांनी व्होबाँ या फ्रेंच दुर्गबांधणीतज्ज्ञाच्या योजनेप्रमाणे ला ऊग आणि तातिऊ बेटावर बुरूज उभे राहिले, २००८ पासून ते जागतिक वारशात आहेत. जहाजं गेल्यावर बुरूज, हा क्रम आपल्याला अनोळखी नाही. तातिऊला जमिनीवर आणि पाण्यातही चालणारं वाहन जातं, पण मोठ्या उधाणाच्या ओहोटीला कालवांच्या शेतांमधून चालतही जाता येतं. आमच्या आठवड्यात ती ओहोटी संध्याकाळी आहे, तेव्हा वेळ विचारूनच निघायचं. शनिवारी सकाळी बाजार. कालवं खाणाऱ्यांची यादी तयार आहे, न खाणारे आम्ही दोघेच.

कागदपत्रांचा कंटाळा आता. ब्रेक्झिटनंतर फ्रान्समध्ये पाऊल ठेवायचं आणि निघायचं ते अधिकृत प्रवेश-बंदरातून. शेरबूर तसं आहे, हे जाता-येता तिथे थांबण्याचं दुसरं कारण. ब्रिटन सोडताना आणि परतताना बोटीची ऑनलाइन माहिती भरायची, परतताना किनाऱ्यापासून बारा मैलांच्या आत कस्टम्ससाठीचा पिवळा झेंडा. बोटीची मूळ नोंदणी, विमा आणि रेडिओचा परवाना एका फोल्डरमध्ये. फ्रान्समध्ये नेताना दूध-मांसाचे पदार्थ बंद, त्यामुळे तूप, दही, पनीर घरीच. पोहे, भाजणी, चिवडा चालतो. आलेपाक मी प्रत्येक बोटीला वाटणार आहे. लाटांनी पोट ढवळलं की त्याच्यासारखं काही नाही. एप्रिल २०२५ पासून युरोपातून ब्रिटनमध्ये चीज आणायलाही बंदी आहे, तेव्हा कामाँबेर तिथेच संपवा असं पत्रकात लिहिलंय.

न जाण्याची योजना जाण्याच्या योजनेइतकीच सविस्तर केली. आदल्या संध्याकाळी सहाला वाइट आणि पोर्टलंड या दोन्ही समुद्र-विभागांचे अंदाज बघायचे. पाचच्या वरचा वारा किंवा धुकं असेल तर पूर्ण ताफा इंग्लंडच्याच किनाऱ्यावरच्या पूल (Poole) बंदराला. मोठ्या बोटींना जायचंच असेल तर त्यांनी जावं, पण रॅली पूलला, जेवणही पूलला. हा मुद्दा आधीच लेखी ठेवला, कारण सकाळी धक्क्यावर दहा कप्तान उभे असताना ‘मी येत नाही’ म्हणणं नवख्या माणसाला जमत नाही.

बाकी राहिलं: दोन्ही मरीनांना बोटींची लांबी आणि ड्राफ्ट (बोट पाण्याखाली किती खोल जाते ते) कळवणं, दोन बोटींच्या लाइफराफ्टची तपासणी आणि माझ्या भाच्याचा व्हिसा. तो भारतीय पासपोर्टवर इथे शिकतोय, त्याला शेंगेन व्हिसा हवाच. अपॉइंटमेंट अजून मिळालेली नाही. मिळाली नाही तर माझ्या बोटीवर रात्रीच्या पहाऱ्याला एक जागा रिकामी आहे. सोलंटच्या आसपास कोणी मराठी, बोट लागत नसलेलं आणि कांदा चिरू शकणारं असेल तर कळवा.