हसताना ओठ मिटेनात

‘अरे, ही हसत नाहीये, नुसते दात दाखवतेय,’ असं म्हणत आमच्या ॲनिमेटरनं शॉट माझ्यासमोर उघडला. शॉट तसा साधा. एक वयस्क बाई हसतहसत बोलते आणि तिचं वाक्य ‘मला’ या शब्दानं सुरू होतं. चेहऱ्यांचं रिगिंग, म्हणजे थ्रीडी चेहरा ॲनिमेटरला हलवता यावा यासाठीची जोडणी, माझ्याकडे असल्यानं अशा तक्रारी नेहमीच्याच, पण हा चेहरा बघून खरंच अंगावर काटा आला. ‘म’ उच्चारताना ओठ मिटतच नव्हते, फटीतून दातांची ओळ दिसत होती. शिवाय गाल वर सरकून खालच्या पापणीत घुसत होता.

ओठांचं कारण लवकर सापडलं. मॉर्फ म्हणजे मूळ चेहऱ्यावरचा कोणता बिंदू कुठे आणि किती सरकवायचा याची नोंद. दोन मॉर्फ एकदम लावले की या नोंदींची फक्त बेरीज होते. कोणता स्नायू कोणाला अडवतो हे सॉफ्टवेअरला कळत नाही. हसण्याच्या मॉर्फमध्ये ओठ विलग होण्याची हालचालही होती आणि तीच ‘म’चं मिटणं खाऊन टाकत होती.

गालानं मात्र दमवलं. हे पात्र बऱ्याच हातांतून आलेलं. यादीत ‘हसू’, ‘हसू नवीन’, ‘हसू फायनल’ असे तिन्ही मॉर्फ, आणि शॉटमध्ये कोणता वापरलाय हे नावावरून कळायची सोय नाही. एकेक स्लायडर (मॉर्फ किती लावायचा हे ० ते १ मध्ये ठरवणारी पट्टी) शून्यावर आणत गेलो तेव्हा उलगडलं: ‘आनंद’ या मॉर्फमध्ये गाल उचलणं आधीच घडवलेलं होतं, आणि डोळे बारीक करणारा कंट्रोल गालाचा वेगळा मॉर्फही चालवत होता. एकच हालचाल दोनदा होत होती.

म्हणूनच चेहऱ्याचे मॉर्फ भावनांच्या नावानं घडवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. एकमन आणि फ्रीसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली चेहऱ्याच्या हालचालींची जी पद्धतशीर विभागणी मांडली, तिच्यात ‘आनंद’ असं एकक नाहीच. ओठांचे कोपरे ओढणं हे १२ क्रमांकाचं एकक, गाल उचलणं हे ६ क्रमांकाचं. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो, हे फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी १८६२ मध्येच लिहून ठेवलंय. हे वेगळे ठेवले तरच ॲनिमेटरला प्रत्येकाचं प्रमाण ठरवता येतं.

त्याप्रमाणे ‘आनंद’ फोडला. गाल एका मॉर्फमध्ये, ओठांचे कोपरे दुसऱ्यात. डावी-उजवी बाजूही वेगळी केली, मध्यभागी मास्क (मॉर्फचा परिणाम कुठे किती हे ठरवणारा थर) हळूहळू विरत नेला, नाहीतर वरच्या ओठाला मधोमध घडी पडते.

मग करेक्टिव्ह, म्हणजे दोन मॉर्फ एकत्र आल्यावर होणारी चूक सुधारणारा मॉर्फ. हसू आणि ओठ मिटणं दोन्ही १ वर ठेवले आणि त्या मिश्र चेहऱ्यावर ओठ हातानं जुळवले. हसताना मिटलेले ओठ ताणले जाऊन पातळ होतात, खालचा ओठ किंचित आत वळतो; ते नीट घडवण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. साठवला तो फक्त उरलेला फरक, आणि त्याची किंमत दोन्ही स्लायडरच्या गुणाकाराला जोडली. दोघांपैकी एक शून्य असेल तर करेक्टिव्ह गप्प राहतो, हसू ०.८ आणि मिटणं १ असेल तर तोही ०.८, म्हणजे जेवढी फट तेवढीच भरपाई.

शॉट परत चालवला. ‘म’वर ओठ मिटले, गाल पापणीखाली येऊन थांबला. ॲनिमेटरनं डावा कोपरा उजव्याच्या थोडा आधी उचलला आणि बाई समोरच्या माणसाला ओळखून हसल्यासारखी दिसली. मला फार आनंद झाला.

‘आता आजोबांचाही चेहरा असाच करून दे ना,’ ॲनिमेटर लगेच म्हणाली. दोघांचा मूळ मेश, म्हणजे बिंदूंची जाळी, एकच, बिंदूंचा क्रमही तोच, त्यामुळे मॉर्फ त्यांच्यावर लागू होतील. सुरकुत्यांपाशी थोडी डागडुजी करावी लागेल. पण आजोबांच्या मिशा वेगळा मेश आहे. ओठांबरोबर त्या हलायला हव्यात, म्हणून तोंडाभोवतीचा प्रत्येक मॉर्फ मिशांवरही उतरवायचा आहे. उद्या आधी तेच घेतोय.