एका गाडीतनं चार टीए

परवा आमच्या जिम्नॅस्टिक्स जजेसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालं. कोल्हापूरला एका क्लबची इनव्हिटेशनल मीट, म्हणजे निमंत्रितांची स्पर्धा, बेळगावातनं चौघांना बोलावणं, आणि खाली टीएची, म्हणजे प्रवासखर्चाची एक ओळ, "टीए ॲक्चुअल मिळेल." ॲक्चुअल म्हणजे काय ओ? बसचं तिकीट, का पेट्रोलचं बिल, का ज्याला जे सुचेल ते?

मी शाळेत पीटी टीचर, आणि शनिवार-रविवार जिम्नॅस्टिक्सचं जजिंग. मुलींचं आर्टिस्टिक, म्हणजे व्हॉल्ट, अनईव्हन बार्स, बीम आणि फ्लोअर हे चार ॲपरेटस (साधनं). लोकांना वाटतं एका मीटला दोन-तीन जज असले की झालं. तसं नसतंय. डी पॅनल वेगळं, ते अवघडपणाचे मार्क काढतं, ई पॅनल वेगळं, ते दहातनं चुका वजा करतं, म्हणजे गुडघा जरा वाकला ०.१, जास्त वाकला ०.३, पडली तर पूर्ण १. छोटी मीट असली तरी चार ॲपरेटससाठी माणसं लागतात आणि एवढे जज कुठल्याच एका गावात नसतात. शिवाय यजमान क्लबचेच सगळे जज बसले तर पालक गप्प बसतील होय? म्हणून बाहेरनं बोलवायचं, आणि बाहेरनं बोलावलं की प्रवासखर्च आला.

आता कबुलीच देते. दोनेक वर्षांमागं आम्ही चौघं माझ्या वॅगन-आरनं अशाच एका मीटला गेलो होतो. संध्याकाळी ऑफिसच्या टेबलावर एक पोरगा व्हाउचर घेऊन बसलेला. त्यानं चौघांच्या नावानं जाण्यायेण्याचं बसभाडं लिहिलं, आणि मला वर पेट्रोलचं पाचवं व्हाउचर दिलं. वर रेव्हेन्यू स्टॅम्पसुद्धा चिकटवला, जो पाच हजारांच्या वरच्या पावतीला लागतो आणि आमची रक्कम त्याच्या निम्मीपण नव्हती. मी म्हटलं, "अरे आम्ही एकाच गाडीतनं आलोय." तर म्हणतो, "असू द्या की मॅडम, सगळे तसंच घेतात." आम्ही चौघांनी सह्या केल्या. मीपण केली. येताना संकेश्वरला चहाला थांबलो तेव्हा आमच्यातले सर (वयानं मोठे, आम्हा सगळ्यांना जजिंगची परीक्षा द्यायला त्यांनीच लावलं) खुशीत म्हणाले, "आज चहा माझ्याकडनं." तो चहा कुणाच्या पैशाचा होता हे मला तेव्हाच कळलं होतं, कारण सकाळी एन्ट्री टेबलावर एक आई पर्समधनं दहा-दहाच्या नोटा काढून लेकीची एन्ट्री फी मोजत होती आणि मी शेजारीच उभी होते.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पैसे गाडीला द्या, बसलेल्या माणसाला देऊ नका. पण गाडीला द्यायचे तर नीट द्या.

नीट म्हणजे कसं ते सांगते. बेळगावातल्या चन्नम्मा सर्कलपासनं कोल्हापूर साधारण ११० किलोमीटर, जाऊन येऊन २२०, गावात इकडंतिकडं १२ धरा, २३२ झाले. चार माणसं, बॅगा, स्तवनिधीचा घाट, एसी, एवढं सगळं असताना माझी गाडी लिटरला १६ देते. म्हणजे साडेचौदा लिटर. पेट्रोल १०३ धरलं तर पंधराशेच्या आसपास. आयोजक म्हणतात, पंधराशेचं बिल द्या, पंधराशे घ्या. बरोबर वाटतंय ना? पण टायर कोण देणार, ऑइल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स? गेल्या वर्षी चार टायर बदलले तेव्हा मिस्टर म्हणाले, "तुझ्या जिम्नॅस्टिक्सला दोन टायर लाव, दोन घरखर्चात टाकू." चेष्टेत म्हणाले, पण हिशोब बघितला तर बरोबरच होता. म्हणून आम्ही आपसात किलोमीटरला ९ रुपये ठरवलेत, सगळं धरून, टोल वेगळा. कोल्हापूरचे २०८८ होतात. आणि बाकी तिघांना प्रवासाचं शून्य. चार जणांचं बसभाडं अधिक पेट्रोल यापेक्षा हे आयोजकांनाही स्वस्तच पडतं, बेरीज करून बघा म्हणावं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते, तिची मुलगी तिकडं जिम्नॅस्टिक्स करते. तिला विचारलं तर तिकडं जजला मैलावर पैसे देतात, सरकारी टॅक्स खातं दरवर्षी जो दर काढतं तो धरून, २०२५ साली मैलाला ७० सेंट, त्यात पेट्रोलपासनं गाडीच्या झिजेपर्यंत सगळं आलं. आपल्या हिशोबात तेव्हा किलोमीटरला ३७-३८ रुपये झाले. आणि मायलेज चालवणाऱ्याला, नुसतं बसून येणाऱ्याला नाही. मी हे ग्रुपवर टाकलं तर सरांनी लिहिलं, "मग ३७ च मागा की." नाही ओ सर, तिकडची गाडी तिकडं.

टोलचा घोळ तर वेगळाच. कोल्हापूरला जाताना हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन नाके, येताना परत तेच दोन. पूर्वी फास्टॅगचा मेसेज दाखवला की आयोजक तेवढे द्यायचे. मग १५ ऑगस्ट २०२५ पासनं तो वार्षिक पास आला, तेव्हा ३००० रुपये, वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. मी काढला. आता नाक्यावर पैसेच कटत नाहीत, नुसती एक फेरी कमी होते. तर टोल काय लावायचा? पूर्ण टोल लावला तर खोटं, शून्य लावलं तर माझे ३००० बुडाले. मी ३००० भागिले २०० केले, एका नाक्याला १५, चार नाक्यांचे ६० रुपये लावले. आयोजकांचे खजिनदार त्या ६० कडं बघत बसले, त्यांना वाटलं मी एक शून्य विसरले.

पिकअपचंही असंच. पहिल्यांदा मी टिळकवाडीतनं निघून अनगोळ, मग शहापूर, मग सह्याद्रीनगरला सर, असं सगळ्यांना दारात जाऊन घ्यायची. पहाटे पावणेपाचला. आणि शहापूरच्या मॅडम म्हणजे देवमाणूस, पण "खाली आले, आले" म्हणून दहा मिनिटं. आता सांगून टाकलंय, सव्वापाचला चन्नम्मा सर्कल, किलोमीटर तिथनं मोजायचे, तिथपर्यंत ज्यानं त्यानं आपापलं यायचं. सर हायवेच्या वाटेवरच आहेत म्हणून त्यांना तेवढी सूट. आणि आपसात वर्गणी काढायची नाही हेही ठरलंय, कारण आपली गाडी व्हाइट बोर्डची, म्हणजे खासगी, भाडं घेऊन माणसं न्यायला परवानगी नसते, उद्या काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच विचारणार.

धारवाड-हुबळीची गोष्ट आणखी मजेशीर. जून २०२३ पासनं कर्नाटकात शक्ती योजना, बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून देतो. मी धारवाडला एकदा बसनं गेले, आमच्यातला अनगोळचा पोरगा (मुलांचं जजिंग करतो) माझ्याच शेजारच्या सीटवर. संध्याकाळी टीएचा फॉर्म भरताना त्यानं त्याचं तिकीट लावलं, मी माझं लावलं. क्लार्कनं तिकीट उलटंपालटं करून बघितलं. "मॅडम, इदु झीरो इदे." म्हटलं हो, झीरोच आहे. तो हळू आवाजात म्हणतो, "परवागिल्ला (चालतंय), फुल भाडं लिहितो." नको म्हटलं, बसस्टँडवरनं रिक्षानं आले त्याचे तेवढे द्या. रिक्षाची पावती कुठाय म्हणून वीस मिनिटं चर्चा! न दिलेल्या बसभाड्याला पावती लागत नव्हती, दिलेल्या रिक्षाला लागत होती.

पुढं काय झालं, आयोजकांच्या डोक्यात प्रकाश पडला की महिला जज स्वस्त पडतात. आता धारवाडला बोलावलं की आधीच सांगतात, मॅडम तुम्हाला बस फ्री आहे ना. आहे ओ, पण पहाटेच्या बसला गर्दी बघितलीय का? मी एकदा कित्तूरपर्यंत उभी होते, हातात स्कोअरशीटची फाइल. तसं उतरून साडेआठला बीमसमोर बसायचं, १० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर पोरीचा पाय कुठं हलतोय ते बघायचं, संध्याकाळपर्यंत. फुकट आहे म्हणून तिनं बसनंच यावं हा नियम कुठला? सोबत गाडी असेल तर बाई गाडीनं येणार, आणि किलोमीटरचे पैसे गाडीला मिळणार. कोल्हापूरकडं तर शक्तीचं काहीच चालत नाही. ती राज्यातल्या राज्यात. महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट, पण तेही त्यांच्या हद्दीपुरतं. म्हणजे निपाणीपर्यंत फुकट, मधला तुकडा पूर्ण, कागलपासनं अर्धं. आमच्याकडच्या बायका हा हिशोब बसस्टॉपवर उभ्या उभ्या करतात, खजिनदारांना कागदावर जमत नाही.

आणि सीमेचं म्हणाल तर २०२५ च्या फेब्रुवारीत बसवरनं राडा झाला आणि दोन्हीकडच्या एसट्या बंद पडल्या, तेव्हा आमची मीट नेमकी तोंडावर. घरचे म्हणाले केए २२ ची गाडी घेऊन तिकडं जाऊ नको. मग आम्ही निपाणीला माझ्या मामेसासऱ्यांच्या दारात गाडी लावली आणि तिथनं पुढं कोल्हापूरच्या एका जजची एमएच ०९ आम्हाला न्यायला आली. तीसुद्धा बिचारी कोगनोळीच्या अलीकडं येताना चारदा फोन करून विचारत होती, "रस्ता कसा आहे?" रस्ता एकदम शांत होता, नाक्यावर पोलीस चहा पीत बसले होते. परत येताना व्हाउचर करायची वेळ आली तर फॉर्मवर गाडी नंबरचा रकाना एकच! दोन गाड्या, दोन राज्यं, दोन हिशोब. शेवटी माझा नंबर रकान्यात आणि तिचा समासात लिहिला.

एक गोष्ट मात्र मी पैशापेक्षा मोठी मानते, ती म्हणजे कोणाच्या गाडीत बसायचं. कोल्हापूरला एकदा म्युझिक सिस्टिम बिघडली, फ्लोअर दोन तास लांबलं, आमच्याकडं त्या दिवशी गाडी नव्हती. बेळगावचेच एक पालक इनोव्हा घेऊन आलेले, म्हणाले, "मॅडम, रिकामीच चाललीय, बसा की, कशाला बसस्टँडला जाताय?" माणूस सरळ होता, मनात काही नसणार. पण त्यांची पोरगी पुढच्या महिन्यात माझ्यासमोर बीमवर चढणार होती. मी तिला ०.३ कापू का ०.१ या क्षणाला मला ती इनोव्हा आठवायला नको. कोचच्या गाडीचंही तेच. नाही म्हटलं, रात्री साडेनऊची बस पकडली, पावणेबाराला घरी पोचले, मिस्टरांनी तोंड वाकडं केलं. आयोजकांनी हे लिहूनच द्यावं की जजची गाडी फक्त जजची, पालक नाही, कोच नाही, खेळाडू तर नाहीच. म्हणजे नाही म्हणायला आम्हाला तोंड मिळतं.

राहिलं थांबण्याचं. मुलींचे चार ॲपरेटस, मुलांचे सहा. माझं चारला संपतं, अनगोळच्या पोराचं हॉरिझाँटल बार संपायला सात वाजतात. तीन तास मी प्रेक्षकांत बसून चिक्की खाते. त्या थांबण्याचे कुणी पैसे देत नाही आणि मी मागितलेलेही नाहीत, पण निदान रात्रीचं जेवण चौघांना द्यावं, सातला सुटून दहाला घरी पोचणाऱ्या माणसाला नुसता चहा-बिस्कीट नको.

हे सगळं मी मंगळवारी रात्री ग्रुपवर मराठीत टाइप केलं आणि पिन केलं. किलोमीटरला ९, मोजणी चन्नम्मा सर्कलपासनं, टोल पासच्या हिशोबानं, गाडीत जजच, बाकीच्यांना टीए नाही. शहापूरच्या मॅडमनी लगेच हात जोडले. अनगोळच्या पोरानं लिहिलं, "आयतु (ठरलं) मॅडम, पुढच्या खेपेला माझी गाडी." सरांचा निळा टिक आला आणि बराच वेळ काहीच नाही. मग साडेदहाला त्यांचा फोन, "हे बघ, तुझं सगळं पटलं. फक्त मी सह्याद्रीनगरला बसतो ना, तिथनं कोल्हापूर चार किलोमीटर कमी होतंय. ते माझ्यापुरते वजा करायचे का गाडीला तसेच ठेवायचे?" म्हटलं सर, गाडीला तसेच ठेवा. "बरं," म्हणाले, "आणि संकेश्वरचा चहा?"

चहा रविवारी माझ्याकडनं.