ताटात जे, तेच फोटोत: कोल्हापुरातली आमची वाटचाल

कॅफे, छोटी हॉटेलं आणि घरातून किंवा लहानशा युनिटमधून खाद्यपदार्थ विकणारे उद्योजक यांच्यासाठी आम्ही पदार्थांचे फोटो काढतो. मेन्यूकार्ड, डिलिव्हरी ॲप, पाकिटावरचं लेबल, इन्स्टाग्राम, जिथं लागेल तिथं. काम बहुतेक कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत चालतं; बोलावलं तर निपाणी, बेळगावपर्यंतही जातो.

घरात कॅमेरा आधीपासून होता. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, महाद्वार रोडजवळ स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो आणि सिझनमध्ये लग्नाचे अल्बम. बी.कॉम. झाल्यावर मी तिथंच बसायला लागले. वहिनी लग्न होऊन घरात आली ती कलानिकेतनमध्ये चित्रकला शिकून. अण्णांना उजेडाची जाण, वहिनीला रंगांची. माझ्याकडे हिशोब आणि कॅमेरा. आज या धंद्याची हीच विभागणी आहे, फक्त अण्णा आता रोज येत नाहीत.

२०१७च्या सुमारास राजारामपुरीत नवे कॅफे उघडायला लागले होते. चालवणारी मुलं विशी-पंचविशीतली, खिशात मोजके पैसे, आणि मेन्यूवरचे फोटो इंटरनेटवरून उचललेले. फोटोत उंच ग्लास, वर क्रीमचा डोंगर. टेबलावर येणार साधा ग्लास. गिऱ्हाईक फोटोवर बोट ठेवून विचारायचं, "हे असं का नाही?" असाच प्रश्न रोज ऐकणारा एक कॅफेवाला आमच्याकडे आला, आणि त्याच्या कामापासून आम्ही एक गोष्ट ठरवून टाकली. फोटोत तोच पदार्थ, त्याच स्वयंपाक्याच्या हातचा, त्याच भांड्यात आणि तेवढ्याच मापाचा. कॅफेत सँडविचला दोन तुकडे देतात तर फोटोतही दोनच.

जाहिरातीच्या दुनियेत फार काळ उलटा रिवाज होता. आइस्क्रीम म्हणून उकडलेल्या बटाट्याचा लगदा, दूध म्हणून पांढरा गोंद, पॅनकेकवर पाकाऐवजी इंजिन ऑइल. त्यालाही कारण होतं. तेव्हाचे दिवे इतके तापायचे की खरं आइस्क्रीम फोकस लावेपर्यंत विरघळायचं. आता फ्लॅश आणि एलईडीच्या जमान्यात ती सबब उरलेली नाही. शिवाय अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम ५३ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. छोट्या कॅफेवाल्याला हे सहसा कोणी सांगत नाही. आम्ही पहिल्याच बैठकीत सांगतो.

मग आम्ही करतो काय? ताटाची कड पुसतो. ब्रेडच्या लादीतून सगळ्यात नीट स्लाइस निवडतो. कोथिंबीर आयत्या वेळी चिरतो, कारण चिरलेली कोथिंबीर दिव्याखाली मान टाकते. आणि सगळ्यात जास्त मेहनत घेतो ती वेळेवर.

मिसळीचंच बघा. कोल्हापुरात मिसळीसोबत ब्रेड येतो. शेजारी पाव ठेवलेला फोटो इथला माणूस लगेच ओळखतो आणि हॉटेलवरचा विश्वास तिथंच कमी होतो. कट ओतला की फरसाण दोन-अडीच मिनिटांत मऊ पडतं, शेव बसते, कांद्याचा तजेला जातो. म्हणून आधी आम्ही एक नकली थाळी मांडतो. तोच वाडगा, तेवढाच भरलेला, पण कालचं फरसाण. त्यावर कॅमेरा, दिवा, फोकस, ब्रेडचा कोन, लिंबाच्या फोडीची जागा सगळं पक्कं करतो. लॅपटॉपवर बघून मालक हो म्हणाला की मग किचनमधून खरी मिसळ. कट वरून ओतायचा नाही, कडेनं सोडायचा, म्हणजे फरसाणाचं टोक कोरडं राहतं आणि लाल तवंग त्याच्याभोवती फिरतो. वहिनी चिमट्यानं कांदा ठेवते आणि हात मागे घेते तोवर मी बटण दाबलेलं असतं. मिसळ मालकानं हवी तर लगेच खावी, काही लावलेलं नसतं.

मिसळीपेक्षा अवघड पांढरा रस्सा. मटणाचं पाणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. सगळं पांढरं आणि तेही बहुतेक ठिकाणी पांढऱ्या वाटीत. कॅमेऱ्याचं मीटर पांढऱ्याला करडं करून टाकतं, म्हणून एक्स्पोजर मुद्दाम एखाद्या स्टॉपनं वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट उजेडाचं, घ्यावं लागतं. उजेड मागून आणि जरा डावीकडून, आणि उजव्या बाजूला काळा कार्डपेपर उभा. त्या काळ्याची बारीक सावली वाटीच्या कडेवर पडते तेव्हाच रस्सा आणि वाटी वेगळे दिसतात. वर साय धरायच्या आत उरकायचं. तांबड्याची अडचण दुसरीच. डिजिटल कॅमेऱ्यात लाल रंग सगळ्यात आधी फुटतो आणि तवंगाचा सपाट लाल डाग होतो. आम्ही लाल चॅनेलचा हिस्टोग्राम, म्हणजे लाल रंग किती उजळ पडलाय ते दाखवणारा कॅमेऱ्यातला आलेख, वेगळा बघतो आणि एक्स्पोजर खाली ठेवतो. तवंगावर लांब, मऊ चमक हवी असेल तर मागून मोठा, पसरलेला (डिफ्यूज) उजेड हवा; उघड्या बल्बचे ठिपके पडले की रस्सा तेलकट दिसतो, चविष्ट नाही.

थाळीचा फोटो बरोबर डोक्यावरून घ्यायला आडवा दांडा लागतो. बाहेरून मागवायचा तर खर्च मोठा होता, म्हणून शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये करून घेतला. बोअरवेलचे पार्ट बनवणारे मिस्त्री ते. त्यांनी कॅमेऱ्याचं वजन विचारलं, दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन अडकवायची सोय केली आणि खाली लॉक होणारी चाकं बसवली. तो दांडा आजही वापरतो. सांगलीच्या एका फोटोग्राफरनं बघितला आणि तसाच बनवून घेतला.

२०१८मध्ये शाहूपुरीत तळमजल्यावर जागा घेतली आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी तिथं शिरलं. कॅमेरे, लेन्स वर नेल्या होत्या. बॅकड्रॉपचे लाकडी पाट, वहिनीनं जुन्या बाजारातून जमवलेली पितळी, चिनी मातीची भांडी, उजेड मऊ करायला दिव्यावर लावायचे सॉफ्टबॉक्स सगळं चिखलात गेलं. त्या पुरात शहराचं जे झालं त्यापुढे आमचं नुकसान छोटंच, पण छोट्या धंद्याला तेही जड असतं. नंतर राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर आलो. ही जागा आम्ही पुराच्या भीतीनं घेतली खरी, पण हिला उत्तरेकडे मोठी खिडकी आहे. उत्तरेच्या खिडकीतून वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही, सकाळपासून दुपारपर्यंत उजेड जवळजवळ सारखा राहतो. अर्धं काम आता याच खिडकीत होतं.

मार्च २०२०ला लॉकडाऊन लागला आणि हॉटेलं बंद झाली. कॅफेवाल्यांचे फोन थांबले आणि दुसरेच सुरू झाले. कुणी कांदा-लसूण मसाला करून विकायला लागली होती, कुणी केक, कुणी घरचा डबा. कुणालाच आमच्याकडे येता येत नव्हतं, आम्हालाही जाता येत नव्हतं. मग फोनवरच सांगायचो: ट्यूबलाइट बंद करा, खिडकीशेजारी टेबल घ्या, काचेला बटर पेपर चिकटवा, समोरच्या बाजूला थर्माकोलचा तुकडा उभा करा, मोबाइलची लेन्स पुसा. एवढ्यानं फोटोत बराच फरक पडतो. त्यातल्या कितीतरी बायका पुढे आमच्या नियमित गिऱ्हाईक झाल्या, कारण धंदा वाढल्यावर लेबल करायचं तर मोबाइलचा फोटो पुरत नाही.

त्याच वर्षी केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, पीएमएफएमई. यंत्रसामग्रीच्या खर्चाला ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान, आणि बचत गटांना, उत्पादक संघांना ब्रँडिंगच्या खर्चात मदतीची तरतूद. 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये कोल्हापूरच्या वाट्याला गूळ आला. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन २०१४लाच मिळालेलं होतं. त्यामुळे गुळाची कामं यायला लागली, आणि या कामांनी आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं.

पन्हाळा तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर गेलो तेव्हा उजाडत होतं. काहिलीतून वाफेचे लोट, चुलवाणात चिपाडं ढकलणारा माणूस, आणि रस कधी उतरवायचा ते नुसतं बघून सांगणारा गुळव्या. थंडीतून आत गेल्या गेल्या लेन्सवर बाष्प धरलं. कॅमेरा आतल्या हवेत तसाच ठेवून वाट बघितली तेव्हा कुठे काच साफ झाली. वाफ फोटोत दिसायला मागून उजेड आणि पाठीमागे अंधार लागतो. शेडच्या पूर्वेच्या फटीतून येणारी पहिली तिरीप आम्ही धरली. गुळव्याकाकांनी पाक पाण्यात टाकून त्याची गोळी माझ्या हातावर ठेवली, अजून कोमट होती. त्या गोळीचा फोटो मालकानं पुढे पाकिटाच्या मागच्या बाजूला छापला.

फोटो दाखवले तेव्हा मालक म्हणाले, "ताई, गूळ जरा पिवळा करा की. काळा दिसला तर कोण घेणार?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बाजाराला पिवळ्या गुळाची सवय आहे. पण तो पिवळेपणा बहुतेक वेळा हायड्रॉस पावडरनं, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनानं, आणलेला असतो, आणि हे काका रसायन न घालता, जंगली भेंडीच्या पाण्यानं मळी काढणारे. तपकिरी रंग हीच त्यांच्या मालाची ओळख. "काका, फोटोत पिवळा केला आणि पाकिटातून तपकिरी निघाला, तर लोक म्हणणार माल बदलला," एवढंच मी म्हणाले. रंगाला हात न लावता आम्ही फोटो पुन्हा काढला. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, फोडला, बाजूनं तिरका उजेड टाकला, म्हणजे आतले रवाळ कण चमकतात आणि तपकिरीत मधाची छटा येते. शेजारी काकवीची वाटी. तोच फोटो आज त्यांच्या पाकिटावर आहे.

ऑनलाइन विक्रीला नियम वेगळे पडतात. ॲमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग भरायला हवा. झूम चालायला लांब बाजू किमान १००० पिक्सेल. डिलिव्हरी ॲपवर फोटो मोबाइलमध्ये बोटाच्या पेराएवढा दिसतो. तिथं सुंदर टेबल, फुलदाणी, मागे खिडकी सगळं वाया. एक पदार्थ, जवळून, एका नजरेत कळणारा. म्हणून एकाच पदार्थाचे आम्ही वापराप्रमाणे वेगवेगळे फोटो देतो आणि कुठला कुठं वापरायचा ते फाइलच्या नावातच लिहितो.

दराबद्दल उघड बोलायला मला आवडतं. मुंबई-पुण्यातल्या एजन्सी दिवसाचे पैसे घेतात, त्यात स्टायलिस्टचे वेगळे, भाड्याच्या भांड्यांचे वेगळे. लहान कॅफेला ते झेपत नाही आणि त्याला तेवढ्याची गरजही नसते. आम्ही अर्ध्या दिवसाचा एक दर ठेवला आहे, स्टायलिंग, एडिटिंग त्यातच. हॉटेल बंद असतानाची दुपार घेतो, म्हणजे त्यांचं गिऱ्हाईक अडत नाही आणि स्वयंपाकीही मोकळा असतो. स्वयंपाकी फार महत्त्वाचा. चांगल्या मूडमधला आचारी डोसा असा काढतो की आम्हाला काही करावंच लागत नाही. फोटो गिऱ्हाइकाचे, त्यावर आमचा वॉटरमार्क नसतो.

अलीकडे विचारणा येते ती एआयची. "फोटो कशाला काढायचा, मोबाइलवर बनवून मिळतो," असं दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांनीही म्हटलं. एकानं बनवलेली मिसळ मी बघितली: शेजारी पाव, वर चीज किसल्यासारखं काहीतरी, आणि वाडगा इथल्या कुठल्याच हॉटेलात नसलेला. ऑगस्ट २०२४मध्ये झोमॅटोनं एआयनं बनवलेले पदार्थांचे फोटो मेन्यूवरून काढून टाकणार असल्याचं जाहीर केलं. मला त्याचा आनंद झाला तो धंदा वाचेल म्हणून नव्हे. भूक लागलेला माणूस फोटो बघून पैसे देतो. न शिजलेल्या पदार्थाचा फोटो दाखवून त्याच्याकडून ते घेणं मला पटत नाही.

आता आम्ही चौघं आहोत. वहिनीच्या हाताखाली कलानिकेतनचीच एक मुलगी स्टायलिंग शिकते आणि एडिटिंगला गडहिंग्लजचा एक मुलगा आहे. बचत गटांसाठी स्टुडिओत मोबाइल फोटोग्राफीचं शिबिर घेतो, फी न घेता; येताना प्रत्येकीनं आपला पदार्थ आणायचा एवढीच अट. येत्या सुगीत आजऱ्याला जायचं आहे. तिथल्या घनसाळ तांदळाला २०१६मध्ये मानांकन मिळालंय, आणि एका शेतकरी गटाला त्याच्या पाकिटासाठी फोटो हवेत. दाणा आखूड, रंग पांढरा, आणि ज्यासाठी तो विकत घेतात तो वास फोटोत येत नाही. वहिनीचं म्हणणं, भात मोकळा करून काळ्या मातीच्या ताटलीत घ्यायचा आणि वाफेसकट काढायचा. ताटल्या तिनं कुंभाराकडे सांगूनही टाकल्या आहेत.