भाणाखाली गेलेले कागद

यंदा चतुर्थीला फोंड्याच्या घरी विसर्जन झालं, गणपतीवर टांगलेली फळाफुलांची माटोळी उतरवली, आणि आतेने माडीवरची पेटी उघडली. आजोबांच्या कवितांची वही जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेली, पानांमध्ये कडुलिंबाचा वाळका पाला. कसर कुठेही लागलेली नाही. पण अक्षर आजोबांचं नव्हतं, आतेचं होतं.

"अगो, त्यांच्या कागदांवर खाडाखोडच फार. कुणाला लागलं नसतं. मी सगळं नीट उतरून काढलं."

मूळ कागद न्हाणीत, पाणी तापवायच्या भाणाखाली जाळायला गेले होते.

मी गप्प राहिले. जिने दोन पावसाळे दिव्याखाली बसून ती पानं उतरवली, तिला काय बोलणार?

रात्री मला इंग्रज कवी शेली आठवत होता. ८ जुलै १८२२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ त्याची नाव बुडाली, तेव्हा तिशी पुरी व्हायला महिनाही उरला नव्हता. त्याची बायको मेरी चोवीस वर्षांची. तिच्या हाती आल्या त्या त्याच्या वह्या: कुठे शाई, कुठे पेन्सिल, एक कविता पुढून तर दुसरी वही उलटी धरून मागून, ओळींवर ओळी खोडलेल्या, मध्येच झाडं आणि होड्या काढलेल्या. त्या जंजाळातून तिने १८२४ मध्ये त्याच्या अप्रकाशित कविता छापल्या. सासऱ्यांनी विकायच्या राहिलेल्या प्रती मागे घ्यायला लावल्या. १८३९ मध्ये तिने पुन्हा चार खंड काढले. म्हणजे आतेचंच काम तिने केलं, पण वह्या ठेवल्या. पुढे सून जेन हिने त्या, केसांच्या बटा, पत्रं असं सगळं देवघरासारखं सांभाळलं आणि १८९३ मध्ये त्यातला मोठा भाग ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाला दिला. ज्या विद्यापीठाने १८११ मध्ये शेलीला काढून टाकलं, तिथेच!

मेरीच्या 'फ्रँकेन्स्टाइन' कादंबरीचा कच्चा खर्डाही आता बोडलियनमध्येच आहे. अक्षर तिचं आणि मधूनमधून शेलीच्या दुरुस्त्या. कुठला शब्द कुणी सुचवला ते आजही पानावर दिसतं. छापील पुस्तकात ते कसं दिसणार? मला आजोबांचं हेच हवं होतं. पक्का झालेला शब्द नको, त्याआधीचा हवा.

सकाळी चहा घेताना मी वही उघडून एक ओळ मोठ्याने वाचली. आते विळीवर नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "तिथे आधी 'पाऊस' होतं. ते खोडून 'झड' केलं. त्याच्याही आधी काहीतरी होतं, ते गिचमिड."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. वहीची झेरॉक्स काढून आणली आहे. मी वाचते, ती आठवते आणि समासात पेन्सिलीने खोडलेले शब्द परत येतात. जिथे तिला नक्की आठवत नाही तिथे जागा कोरी सोडायची, असं दोघींनी ठरवलंय. आतापर्यंत अकरा पानं झाली. काल एका ओळीपाशी ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "इथे आईचं नाव होतं. ते त्यांनी दोनदा खोडलेलं."