सिरियल नंबर नसलेला ब्रश

काचा धुवायच्या ब्रशचे जेट तुंबले तर काढून साफ करायला अर्धा तास पुरतो. ते जेट पुन्हा पुन्हा का तुंबतात, हे विकणाऱ्याच्या गळी उतरवायला मला अख्खा मे महिना पुरला नाही. पाऊस लागला तरी आमचं चालूच होतं. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकते.

आमचं घर देवबागेत. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड नि पर्यटकांसाठीच्या खोल्या. वरच्या मजल्याला समुद्राकडे मोठ्या काचा आहेत, कारण पाहुण्याला उशीवरून डोकं न उचलता समुद्र दिसायला हवा असतो. त्या काचांवर मीठ बसतं आणि दमट हवेत ते सुकतही नाही, चिकट राहतं. शिडी लावावी तर पाय वाळूत रुततात. म्हणून पाण्याची काठी घेतली. घडीचा लांब पोल, त्याच्या आतून वर जाणारा पाइप, टोकाला ब्रश आणि ब्रशमध्ये चार जेट. खाली बारा व्होल्टचा पंप आणि रेझिनची बाटली. रेझिन पाण्यातले क्षार धरून ठेवतं, त्यामुळे काच पुसावी लागत नाही, डाग न पडता सुकते. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेले क्षार, आयएस १०५०० या भारतीय मानकाप्रमाणे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. काचेला तो दहाच्या आत लागतो, शून्य असला तर उत्तम.

मागवणं, जोडणं, पहिले काही महिने, यात सांगण्यासारखं काही नाही. काचा लख्ख निघाल्या, शेजारचे बघून गेले.

मग एक दिवस उजवीकडचे दोन जेट नुसते ठिबकायला लागले. अशा वेळी लोक आधी जेटमध्ये सुई खुपसतात. ते करू नका. जेटचं भोक जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचं असतं आणि प्लास्टिकचं असतं. सुईने ते एका बाजूला वाढलं की धार कायमची तिरकी जाते. आधी ब्रश काढा, पाइपाचं टोक बादलीत सोडा आणि फोनवर एक मिनिट लावा. दीड-दोन लिटर पाणी जमलं तर पंप, बाटली, पाइप ठीक, दोष ब्रशमध्ये. कमी जमलं तर खालून वर शोधत या: बॅटरी उतरलीय का, पोलच्या कडीत पाइप चेपलाय का, ब्रशच्या मानेशी पाइप मुडपलाय का. हेच माप पोल उभा करूनही घ्या, कारण दहा मीटर उंची चढताना पाण्याचा साधारण एक किलो प्रेशर तिथेच खर्च होतो. आडव्या पोलवर सगळंच छान दिसतं.

माझ्या बादलीत पाणी बरोबर जमलं. मग डावे जेट उजवीकडे नि उजवे डावीकडे लावले. ठिबकणं जेटबरोबर डावीकडे गेलं, म्हणजे पाणी दोन्हीकडे वाटणारा पाइपाचा फाटा मोकळा होता नि जेटच तुंबले होते. ठिबकणं जागेवरच राहिलं असतं तर फाटा नाहीतर त्यापुढचा तुकडा बघावा लागला असता.

साफ करायला धाकट्या भावजींनी त्यांच्या गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, दिला. तंगूस भोकात जातो, भोक वाढवत नाही. जेट उलटा धरून मागून तंगूस सारला तर तळहातावर पिवळसर सोनेरी दाणे पडले. भावजी म्हणाले, "वयनी, ह्येच्यात खसखस भरली हा!" ते रेझिन होतं. बाटलीच्या तोंडाशी दाणे अडवणारी जाळी असते, ती तडकली होती. दाणे पाण्याबरोबर वर चढत होते. एकेकटा दाणा जेटमधून निसटतोही, पण तीन-चार एकत्र आले की भोकात पाचर बसते.

इथपर्यंत सकाळचा चहाही थंड झाला नव्हता. मग मी विकणाऱ्याकडे फोन केला.

"मॅडम, पाण्याचा प्रेशर चेक करा." केला, सांगितलं. "विहिरीचं पाणी आहे ना? मग गाळ असणार." गाळ बाटलीच्या आधीच्या फिल्टरमध्ये अडकतो आणि गाळाचे सोनेरी गोळे होत नाहीत, हेही सांगितलं. "जेट वॉरंटीत येत नाहीत, मॅडम." मला जेट नकोच होते, मला जाळी हवी होती. शेवटी त्या मुलाने सुटकेचा श्वास टाकल्यासारखं म्हटलं की ऑनलाइन फॉर्म भरा.

तो फॉर्म मला तोंडपाठ आहे. पहिला रकाना, दोष असलेला भाग. यादीत ब्रश, जेट, पोल, पाइप, पंप. बाटलीच नाही! 'इतर' असा पर्यायही नाही. दुसरा रकाना, सिरियल नंबर, लाल फुलीसकट, म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ब्रशला सिरियल नंबर नसतो. मी तो उलटा केला, केस बाजूला करून बघितले, खोका माळ्यावरून उतरवला. नाहीच. बाटलीवर चिकटपट्टी होती, तिच्यावर बॅच नंबर होता, पण त्यात तिरकी रेघ होती आणि फॉर्म म्हणत होता, फक्त अंक लिहा. रेघ काढून लिहिलं तर अंक कमी पडतात.

आमच्याकडे नेटवर्क फक्त गच्चीत. भर उन्हात गच्चीत उभं राहून फोटो चढवायचे, बिल चढवायचं, मग दाण्यांचा व्हिडिओ चढवायचा. व्हिडिओ अर्धा चढला की लाईट जायची आणि टॉवरही जायचा. परत उघडलं की पान कोरं. एकदा सगळं चढलं, बटण दाबलं, तर वर तांबडी पट्टी: 'सिरियल नंबर चुकीचा आहे.' खाली पाहुणे विचारतायत, माशांचं जेवण किती वाजता? आणि मी वर फोन आभाळाकडे धरून उभी.

पुन्हा फोन. दर वेळी नवा माणूस, दर वेळी "प्रेशर चेक करा"पासून सुरुवात. मी म्हटलं, बाबा, ब्रशला नंबर असतो का ते तुझ्या समोरच्या ब्रशवर बघून सांग. तर म्हणाला, "आमच्याकडे ब्रश नाहीये, मॅडम, आम्ही फक्त कॉल घेतो." यानंतर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

सुटका एका बाईंनी केली. त्यांनी पहिल्यांदा प्रश्न नीट ऐकला आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, पंपावरचा नंबर टाका, फॉर्म पुढे जाईल. खाली खुलाशात बाटली लिहा." पंपाचा नंबर टाकला. फॉर्म गेला. तक्रार क्रमांक आला तेव्हा बारावीचा निकाल लागल्यासारखा आनंद झाला. म्हणून सांगते, या उपकरणाचा पंप घरी आला की त्याच दिवशी नंबराचा फोटो काढून ठेवा. बिलाचाही काढा, थर्मल कागदावरची शाई उडते.

पुढे कुरिअर आलं. म्हणजे आमच्यापर्यंत आलं नाही, मालवणात जाऊन आणावं लागलं. खोक्यात चार नवे जेट होते.

मी हसले की रडले, घरच्यांना विचारा. जाळी कधीच आली नाही. काही दिवसांनी 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे, कृपया रेटिंग द्या' असा मेसेज मात्र वेळेवर आला.

निवारण केलं ते घरोघरी पिण्याच्या पाण्याची आरओ मशीन दुरुस्त करत फिरणाऱ्या आमच्या मेकॅनिकने. त्याने दाणे बघितले, बाटली बघितली आणि विचारलं, "जाळीच्या मागे कशाला लागलात?" बाटलीच्या पुढे, पाइपाच्या आधी, त्याने घरगुती आरओला असतो तसा पाच मायक्रॉनचा फिल्टर त्याच्या डब्यासकट बसवला. दाणे आता त्या डब्यात अडकतात. डबा पारदर्शक आहे, त्यामुळे किती दाणे निसटले ते दिसतंही. तो थोडा प्रेशर खातो हे खरं, म्हणून मी चारातले दोन जेट बंद केले आणि उरलेल्या दोघांची धार पुन्हा जोरात आली. पंप बाटलीच्या पुढे बसवलेला असेल तर हा फिल्टर पंपाच्याही आधी लागेल, नाहीतर दाणे पंपाच्या झडपांत जातील.

जाऊबाईंनी जेट कोकमाच्या आगळात बुडवायला सुचवलं होतं. आंबट आहे, पण आगळात मीठ असतं आणि आपण मिठाशीच भांडतोय. पांढरा व्हिनेगर चालतो, तोही विहिरीचं पाणी थेट वापरून जेटमध्ये क्षार धरला असेल तरच. रेझिनच्या दाण्यावर व्हिनेगरचा काही उपयोग नाही.

जोडातून गळत असेल तर पाइपाचं टोक ब्लेडने सरळ कापा. कात्रीने ते चेपतं.

मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं आणि टीडीएस दुप्पट झाला की रेझिन निम्म्या पाण्यात संपतं. यंदा आम्ही पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवलंय, छप्पर धुऊन निघाल्यानंतरचं.

आणि काचा सकाळीच धुवा, मतलई वारा असतो तोवर. दुपारचा खारा वारा सुटला की पंख्यासारखी फवारणारे जेट तर निम्मं पाणी तुमच्याच अंगावर टाकतात. सरळ धारेचे जेट वाऱ्यात बरे. आधी ब्रश न टेकवता नुसतं पाणी सोडून वाळू खाली जाऊ द्या, मग चौकटीची वरची पट्टी घासा, तिच्यातलं पाणी निथळू द्या आणि काच शेवटी घ्या. पट्टी मागाहून घासली तर तिच्यातले ओघळ धुतलेल्या काचेवर येतात, आणि मग लोक रेझिनला शिव्या देतात.