लॉकचं मॉडेल: खालचे दरवाजे बसले

मंडळी, लॉक म्हणजे कालव्यावर नाव वरच्या-खालच्या पातळीला न्यायची दोन्ही तोंडांना दरवाजे असलेली पाण्याची कोठी. तिच्या मॉडेलच्या खालच्या दरवाजांची जोडी एकदाची बसली. वरच्या तोंडाचा एकेरी दरवाजा आधीच झाला होता. खाली दोन आणि वर एक, ही इंग्लंडातल्या अरुंद कालव्यांवरची नेहमीची पद्धत.

प्रमाण १:२४ च आहे. कालवे बांधणारा इंग्रज इंजिनिअर जेम्स ब्रिंडली, त्यानं ट्रेंट अँड मर्सी कालव्यासाठी जी अरुंद लॉक धरली, त्यांवरून तिकडच्या होड्यांचं माप पडलं: रुंदी ७ फुटांच्या आत, लांबी ७०-७२ फूट. आपल्याकडे ती साडेतीन इंच बाय तीन फूट होते. ८ फूट चढ धरला तर खऱ्या लॉकमध्ये दर खेपेला लाखाच्या वर लिटर पाणी खाली जातं. माझ्या लॉकला आठेक लिटर पुरतं, बादलीचं काम.

खरी गंमत दरवाजांत आहे. दोन्ही पाखं बंद झाली की वरून बघताना बसकी पाचर दिसते, टोक वरच्या पाण्याकडे. पाणी जेवढं जोरात रेटतं तेवढी ती घट्ट मिटतात. कडी नाही, कोयंडा नाही. बिजागरीही नाही, जुन्या वाड्याच्या दारासारखं पाखं खांबाच्या टोकावर फिरतं. दोन्हीकडचं पाणी समपातळीत येईपर्यंत कितीही ढकला, हलत नाही. झडप उचलून आतलं पाणी सोडलं, पातळी जुळली, की लांब तुळईला पाठ लावून रेटायचं. मॉडेलमध्ये करंगळी पुरते.

गळती मात्र होतीच. सागवान फुगल्यावर निम्मी थांबली. उरलेलीसाठी तिकडचाच उपाय केला: ते वरच्या बाजूला राख सोडतात, ती फटीकडे ओढली जाऊन बसते. मी रंध्याखालचा बारीक भुसा सोडला. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात बरग्यांच्या, म्हणजे खाचांत बसवलेल्या आडव्या फळ्यांच्या, दोन ओळींमध्ये माती भरायचे, त्याच जातीची युक्ती. दुरुस्तीसाठी लॉक कोरडं करायला खाचांत फळ्या सोडतात, त्यांना मी सरळ बरगेच म्हणतो.

नावं देताना एक गोष्ट जाणवली. आपले नावेचे शब्द नदीवरचे: नाळ, वल्हं, सुकाणू, उतार, पुरात होडी म्हणून वापरायची गुळाची काहील. कालव्याचे शब्द शेताचे: चारी, मोरी, पाटकरी, आवर्तन. कराडजवळच्या खोडशीच्या कालव्यात नाव चालवायची नव्हतीच, तेव्हा दोन्ही एका पाण्यावर भेटले नाहीत. खाली विजयवाड्याला भेटले. सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाणाऱ्या याच कृष्णेवर तिथं १८५५ च्या सुमारास बंधारा झाला, त्याच्या कालव्यांवर सिंचन आणि नावा दोन्ही चालल्या. एलुरू कालव्यानं तर कृष्णा गोदावरीला जोडली. विलायती खेळणं म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तो नकाशा बघावा.

नावेचा सांगाडा अजून कच्चा आहे. सुकाणूचा दांडा उलटा चालतो, डावीकडे ढकलला की नाळ उजवीकडे, त्यामुळे पोरांच्या हातात दिल्यावर पहिल्यांदा भिंतच गाठणार. नाव ओढणाऱ्या घोड्याच्या दोरासाठी काठानं वाट सोडली आहे, घोडा विकतचा.

आता झडपांचं दातेरी चाक. जुन्या गजराच्या घड्याळातलं चालेल असं वाटतंय, पण दाते पितळी हवेत. कुणाकडे मोडकं घड्याळ पडलं असेल तर सांगा, गणपती पेठेत येऊन घेऊन जाईन.